माशी काढल्यावर

माझ्या संशयी स्वभावाचा जगात कुणाला उपयोग झाला असेल, तर तो सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंना. त्यांना त्यांच्या गावात कुणाच्याही मयतावर रडायची परवानगी नव्हती. बाकी सगळ्यांना माझ्या स्वभावाचा तापच झालाय. नवरा म्हणतो, तू दुधाच्या खोक्यावरची तारीख वाचतेस आणि वर वासही घेतेस. घेते. तारीख काय देव छापतो?

आणि याला मी एकटी जबाबदार नाही. जर्मनीत यायच्या आधी पुण्यात मी बरीच वर्षं लग्नाचे व्हिडिओ एडिट करत होते. पाठवणी आठवा. नवरी आईच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडते, अख्खं कार्यालय डोळे पुसतं, आणि तेवढ्यात आमचा शूटिंगवाला म्हणतो, "ताई, मध्ये काका आले. परत एकदा." आणि ताई परत एकदा रडते. खोटं नाही हो, खरंच रडते, कधी कधी पहिल्यापेक्षा चांगलं रडते. पण त्याआधी तिची नजर एकदा हळूच शूटिंगवाल्याकडे जाते, करू का सुरू म्हणून. ती नजर मी कितीदा कापून टाकली असेल त्याला गणती नाही. असलं काम केल्यावर माणूस संशयी होणार नाही तर काय भोळा सांब होणार?

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमारास नवऱ्याला गिअरबॉक्सच्या कामासाठी डार्मश्टाटला नोकरी लागली आणि आम्ही लेकीला घेऊन इकडे आलो. वर्षभर मी घरी बसून जर्मन शिकले आणि भिंतींशी भांडले. मग एका ओळखीतून एका लहानशा म्युझियममध्ये मिनीजॉब मिळाला, म्हणजे आठवड्यातले थोडे तास, पगार बेताचा. म्युझियम शेजारच्या गावात, एका जुन्या घरात होतं. पहिल्या महायुद्धाच्या आधी कुणी एक डॉक्टर महाशय दक्षिणेकडच्या समुद्रातल्या बेटांवर जहाजाने गेले होते. तेव्हा ती बेटं जर्मनांच्या ताब्यात होती. डॉक्टरांनी सोबत हाताने फिरवायचा कॅमेरा नेला, तिथल्या लोकांचे नाच, होड्या, स्वयंपाक असं सगळं चित्रित केलं आणि येताना भाले-मुखवटे भरून आणले. म्युझियम त्यांच्याच नावाने उभं होतं. दारात त्यांचा भला मोठा फोटो, मिशा अशा की बघणाऱ्याला दटावतायत.

माझं काम सोपं होतं. जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवलेल्या होत्या. त्यांच्यावरचे ओरखडे, डाग, धूळ एकेका चित्रातून पुसायची. बरीचशी धूळ कॉम्प्युटर आपला आपण ओळखतो. एका चित्रात आहे, पुढच्यात नाही, म्हणजे धूळ. उरलेलं हाताने. मला ते काम मनापासून आवडायचं. आवाज नाही, सनईचा ट्रॅक नाही, "आमच्या आत्यांना जास्त वेळ दाखवा" म्हणून फोन नाही.

पण माझ्या वरच्या बाईंवर मात्र मी पहिल्या दिवसापासून डोळा ठेवून होते. उंच, सडपातळ, साठीला टेकलेल्या. सगळे त्यांना फ्राउ डॉक्टर म्हणायचे, मी मनात नुसतं बाई म्हणायचे. बोलणं मोजकं. प्रत्येक वाक्याच्या आधी "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग", आणि मग ते वाक्य यायचंच नाही. खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या गळ्यात. एकदा मी कॉफीचे कप घेऊन आत शिरले तर बाई त्या कपाटातला एक चपटा डबा उघडून वास घेत होत्या. मला बघितलं, डबा आत, कपाट बंद. मी म्हटलं, झालं, इथे पाणी मुरतंय. जुनी फिल्म खराब व्हायला लागली की तिला आंबूस वास येतो आणि जपणारी माणसं तो तपासतात, हे मला तेव्हा ठाऊक होतं. तरीही मी म्हटलं, पाणी मुरतंय.

त्या वर्षी मोठं प्रदर्शन भरायचं होतं. वरच्या साहेबांनी, म्हणजे म्युझियमच्या डायरेक्टरांनी, पोस्टरसाठी एक चित्र निवडलं होतं. बेटावरची एक तरुण बाई, तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, हात आभाळाकडे. खाली डॉक्टरांनी शंभर वर्षांपूर्वी दिलेलं नाव, "मृत बालकासाठी शोक करणारी आई". बाईंनी तीच फिल्म मला साफ करायला दिली.

ही फिल्म काही मिनिटांची होती. चटईवर पाच-सहा वर्षांचा मुलगा निजवलेला. छातीपर्यंत पानांनी विणलेलं पांघरूण, डोळे मिटलेले. शेजारी आई. ती त्याच्यावर झुकते, परत वर होते, छाती बडवते. आवाज नसल्यामुळे ते जास्तच अंगावर येत होतं. मला पहिल्यांदा बघताना भरून आलं आणि लगेच स्वतःचा राग आला, की बाई गं, तू एवढी लग्नं कापलीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी?

"याच्या गालावर एक माशी आहे," बाई म्हणाल्या. "ती काढून टाका."

"ती धूळ नाहीये. खरी माशी आहे."

"गेनाऊ, बरोबर, म्हणूनच. त्या आईची नात येणार आहे बेटावरून, प्रदर्शनाला. घरच्या माणसाच्या तोंडावर बसलेली माशी तिने का बघावी?"

म्हणणं माणुसकीचं होतं. मला मात्र ते पटलं नाही. पुराणवस्तूतली खरी गोष्ट काढा म्हणणारी ही पहिलीच जर्मन बाई मला भेटली होती. इथे लोक कचऱ्यातसुद्धा काच काचेत आणि कागद कागदात टाकतात. तरी मी सांगितलं ते केलं. माशी एका जागी बसलेली असल्यामुळे कॉम्प्युटरला ती धूळ वाटेना. मी दोन दिवस बसून एकेका चित्रातून ती हाताने पुसली.

पुसून झाली आणि सगळं सलग लावून बघितलं, तर काळजात चर्र झालं. माशी होती तोवर नजर माशीमागे जात होती. आता माशी नव्हती, आणि मुलाचा गाल हलत होता. एकदा, मग परत एकदा, आपला आपण. गुदगुल्या होतायत आणि हसू दाबायचंय, अशा वेळी पोरं करतात ना, तसा. मी लेकीला झोपेचं सोंग घेताना रोज बघत होते. हा मुलगा मेलेला नव्हता.

मग मी सगळी फिल्म परत बघायला घेतली, लग्नाची फिल्म बघतात तशी. मधे एक जोड सापडला. जोडाच्या आधी झाडाची सावली चटईच्या काठावर, जोडानंतर एकदम मुलाच्या गुडघ्यावर. म्हणजे बराच वेळ गेलेला. आणि त्या जोडानंतर, रडायच्या आधी, आईची नजर हळूच बाजूला गेली. करू का सुरू? अहो, मी खुर्चीतच ओरडले, मराठीत, "परत एकदा केलंय मेल्यांनी!"

बाईंना दाखवलं. त्या स्क्रीनसमोर वाकून उभ्या होत्या, त्यांनी तीन-चारदा मागे-पुढे करायला लावलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मग उठून त्यांनी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच "आल्झो" न म्हणता बोलल्या.

येणाऱ्या पाहुण्या बाईंनी फोनवर एकच गोष्ट विचारली होती. त्या दिवशी मुलगा जिवंत होता का?

त्या बेटावर म्हणे मेलेलं माणूस परक्याच्या नजरेला पडू देत नाहीत. ज्यांनी त्या घरात जेवण घेतलंय त्यांनीच मयत बघायचं. जहाज गेलं, आणि त्याच हंगामात तो मुलगा तापाने गेला, खरोखरच गेला. पुढे मिशनच्या शाळेत एक पुस्तक आलं आणि त्यात हेच चित्र छापलेलं. गाव म्हणालं, हिने कापडाच्या तुकड्यासाठी आपलं मेलेलं लेकरू गोऱ्यांना दाखवलं. ती जन्मभर सांगत राहिली की तेव्हा तो जिवंत होता, त्यांनी नुसतं निजायला सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही. तिच्या घरातल्या बायकांना तेव्हापासून कुणाच्या मयतावर रडायला बोलावत नाहीत, आणि त्यांच्या घरी कुणी वारलं तर रडायला कुणी येत नाही. मयतावर रडणं हा तिथे बायकांचा मान. नातीच्या आईला तर शेजारीपाजारी कुणीही न रडता पुरलेलं होतं.

"मग सांगा ना त्यांना फोन करून!" मी म्हटलं. "आज, आत्ता!"

"त्या येईपर्यंत कुणाशी बोलू नका," बाई म्हणाल्या. "कुणाशीही."

का म्हणून? मला तेव्हाच कळलं. पोस्टर छापायला गेलं होतं. डॉक्टर महाशयांचं नाव दारावर. त्यांची सगळ्यात गाजलेली फिल्म नाटक निघाली तर म्युझियमची अब्रू जाते, आणि एका म्हातारीच्या गावकीपेक्षा ती महत्त्वाची! म्हणून माशी काढायची घाई, म्हणजे तिच्या गुदगुल्यांचा पुरावाच नको. त्या दिवशी घरी निघायच्या आधी मी माशीवाली प्रत वेगळ्या नावाने, वेगळ्या ठिकाणी ठेवून दिली. कुणाचा काय भरवसा.

तेव्हा आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या तीन महिन्यांसाठी. मी ट्रामने घरी पोचले तर दारातूनच त्यांचा आवाज. आमची सहा वर्षांची लेक सोफ्यावर हातपाय पसरून, जीभ बाहेर काढून पडली होती.

"उठ आधी! तिन्हीसांजेला असलं करतात का? वास्तू तथास्तु म्हणते."

"इश बिन टोट, ओमा," लेक डोळे मिटूनच म्हणाली. मी मेलेय, आजी.

सासूबाईंना जर्मनचा गंध नाही, पण तेवढं त्यांना बरोबर कळलं. त्यांनी तिला बखोटीला धरून उठवलं, देवासमोर नेलं आणि वर मलाच ऐकवलं की पोरीला काही वळण नाही. कुणाशीही बोलू नका असं बाईंनी बजावलेलं होतं. पण सासूबाईंना त्या बेटाशी आणि म्युझियमवाल्यांशी काय देणंघेणं, म्हणून मी कणीक मळता मळता त्यांना सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे ती बिचारी निर्दोष होती हो आई," मी म्हटलं.

सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. "अगं, पण जिवंत लेकराला मेल्यासारखं निजवलं कसं तिने? आणि मग खरंच गेला म्हणतेस. त्या नातीला तू हे सांगणार? आधी निदान नुसता लोभाचा आळ होता. आता तर आजीनेच ओढवून घेतलं असं व्हायचं."

मी एवढा विचार केलाच नव्हता. मला वाटत होतं मी आनंदाची बातमी घेऊन बसलेय. नवरा म्हणाला, "तू यात पडू नकोस, तुझं कॉन्ट्रॅक्ट वाढायचंय." तो असंच म्हणणार. 

दुसऱ्या दिवशी मी बाईंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "कुठल्याही शूटिंगमध्ये मागे-पुढे उरलेले तुकडे असतात. थांबा म्हटल्यानंतरचे. या फिल्मचे कुठे आहेत?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी तेच कापत होते जन्मभर."

बाईंचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला. त्या "आल्झो" म्हणाल्या, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "पाहुण्या आल्या की बघू."

पाहुण्या आल्या तेव्हा बाहेर पाऊस-बर्फाची रबरब होती. थोराड बाई, निवृत्त शिक्षिका, अंगात नवा कोरा स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर. मी मनात त्यांना मावशी म्हणून टाकलं. त्यांचं इंग्रजी स्वच्छ होतं आणि नजर माझ्यापेक्षा संशयी. आल्याबरोबर त्यांनी छताकडे बघितलं आणि तिथला सुरक्षेचा कॅमेरा बंद करा म्हणाल्या. साहेबांनी फोटो काढायला माणूस आणला होता, त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवला. साहेबांनी हात पुढे केला, तो धरला, पण हसल्या नाहीत. चहाला नको म्हणाल्या. मला ती बाई फार आवडली.

खोलीत आम्ही तिघीच बसलो. मी फिल्म लावली, माशी काढलेली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या. आई रडायला लागली तशा त्या पुढे झुकल्या, तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी फिल्म थांबवून गाल दाखवला. मग माशीवाली प्रत लावून माशी दाखवली. मग सावली, मग नजर. मी भराभरा बोलत होते, हातवारे करत होते, पोलिसासमोर साक्ष द्यावी तशी. 

तेव्हा बाईंनी गळ्यातली किल्ली काढली.

कपाटातून काढलेल्या चपट्या डब्यावर "उरलेलं सामान" या अर्थाचा एक शब्द लिहिलेला होता. आत फिल्मचं छोटं भेंडोळं होतं. मूळ फिल्म पेट घेणारी म्हणून ती दुसरीकडे थंडीत ठेवलेली, ही तिची जुनी प्रत. बाईंनी ती एका जुन्या टेबलावरच्या यंत्रात घातली आणि हाताने फिरवायला लागल्या.

काही क्षणांचंच होतं. मुलगा पांघरूण फेकून उठून बसतो. गाल खसाखसा खाजवतो. हसतो, पुढचे दोन दात नाहीत. आईच्या डोळ्यांतून अजून पाणी येतंय आणि ती तळव्याने त्याचं तोंड पुसते, मग आपलं. कडेने पांढऱ्या बाहीचा एक हात येतो आणि मुलाला काहीतरी खायला देतो. मुलगा ते तोंडात टाकून सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आणि तिथेच फिल्म संपते.

मावशी त्यांच्या भाषेत एक शब्द बोलल्या. मी विचारलं. म्हणाल्या, "आईचा भाऊ. आमच्याकडे त्याला वेगळा शब्द आहे."

"आमच्याकडेही आहे," मी म्हटलं. "मामा."

"मामा," त्या म्हणाल्या. त्यांना तो शब्द जड गेला नाही.

मला राहवेना. सासूबाई डोक्यात बसल्या होत्या. मी विचारलं, "तुमच्या आजींना काय वाटायचं? जिवंत मुलाला असं निजवलं म्हणून?"

"गावाला जे वाटायचं त्याचं आजीला काही नव्हतं," मावशी म्हणाल्या. "तिला एवढंच लागलं होतं. म्हणायची, मी इतकं चांगलं रडायला नको होतं."

 मला रडू येत होतं आणि रडायचा अधिकार आपला नाही असंही वाटत होतं. मावशींनी पर्समधून फोन काढला, स्क्रीनवरच्या मुलाचा फोटो घेतला, मग फोनकडे बघत बसल्या. आणि मग त्यांनी मान वळवून मला विचारलं, अगदी सरळ, रागावून वगैरे नाही.

"हे तू बनवलं नाहीस ना?"

मी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी, जिने यांच्यासाठी जीव काढला, ती बनवीन? पण मग आठवलं. दहा मिनिटांपूर्वी मीच त्यांना दाखवलं होतं की बघा, माशी आहे, आणि बघा, आता माशी नाही. जी बाई माशी काढू शकते ती मुलाला उठवून बसवू शकत नाही कशावरून? मी त्यांच्या जागी असते तर हेच विचारलं असतं, आणि जास्त कडू तोंडाने.

"नाही बनवलं," मी म्हटलं. 

"मला पटतंय. पण गावात पोराटोरांकडे फोन आहेत. चेहरे बदलतात, कुत्र्याचे कान लावतात. ते म्हणतील, म्हातारी जर्मनीला गेली आणि तिथून हवं ते चित्र करून घेऊन आली. ज्यांनी आजीचं चित्र खोटं छापलं, त्यांचंच दुसरं चित्र ते का खरं मानतील?"

बाई यंत्राशी उभ्या होत्या. त्यांनी भेंडोळं बाहेर काढलं, हातात मोजे चढवले, खिडकीच्या उजेडात फिल्म धरली आणि बोटाने जागा शोधली. मला वाटलं, मावशींना फिल्म हातात घेऊन बघायला देतायत. त्यांनी टेबलाच्या खणातून कात्री काढली.

"फ्राउ डॉक्टर!" मी म्हटलं.

जुनी फिल्म कापायची म्हणजे काय, हे ज्याने त्या म्युझियममध्ये एक तास काम केलंय त्याला कळेल. आम्हाला पेन घेऊन त्या खोलीत जायची बंदी होती. बाईंनी एकदा कापलं, मग वीतभर सोडून परत कापलं.  तो तुकडा त्यांनी मावशींच्या तळहातावर ठेवला.

"हे कॉम्प्युटरमधलं नाही," बाई तुटक्या इंग्रजीत म्हणाल्या. "कुणी विचारलं, तर त्याच्या हातात द्या. उजेडाकडे धरू दे. त्याला त्याच्या डोळ्यांनी दिसेल."

मावशी खिडकीशी गेल्या. तुकडा वर धरला. एकाखाली एक बारीक चित्रं, आणि प्रत्येकात तो मुलगा उठून बसलेला.  मग त्यांनी तुकडा रुमालात गुंडाळला, आतल्या स्वेटरच्या आत ठेवला आणि म्हणाल्या, "आता चहा घेते."

बाईंनी तो डबा इतकी वर्षं लपवला होता की जपला होता, ते मला आजही सांगता येत नाही. मी विचारलं नसतं तर त्यांनी तो उघडला असता का? त्या म्हणतात, हो, नक्की. मला शंका आहे. पण ती कात्री मी डोळ्यांनी बघितली, त्यामुळे मी जास्त बोलत नाही. प्रदर्शन भरलं. पोस्टर तेच राहिलं, आत चित्राखाली मात्र लहान अक्षरांत एक ओळ आली, की हे दृश्य कॅमेऱ्यासाठी करवून घेतलं होतं. कापलेल्या तुकड्याबद्दल कुणी बोललं नाही, कारण तो डबा कुणी उघडतच नसे. माझं कॉन्ट्रॅक्ट वाढलं नाही. कारण पैसे नाहीत असं सांगितलं, आणि मी काय समजायचं ते समजले.

मावशी गेल्यावर मी रोज फोन बघायचे. काही नाही. महिने गेले, सासूबाई पुण्याला परतल्या, उन्हाळा आला. मी म्हटलं, झालं, गावाने तो तुकडा उजेडाकडे धरला आणि तरी मानलं नाही. माणसांनी एकदा मनाशी ठरवलं की ठरवलं. मला स्वतःवरून माहीत होतं. नवरा म्हणायचा, कदाचित तिथे नेट नसेल. मी म्हणायचे, तू गप्प बस.

मग एका रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, वरण-भात पानात वाढून झाला होता, आणि फोन वाजला. मावशींचा मेसेज होता. शाळेतल्या बाईंसारखं, एकेक वाक्य सुटं लिहिलेलं.

"काल शेजारचा म्हातारा वारला. त्याची सून स्वतः दारात आली. मला रडायला बोलावलं. पहाटेपर्यंत रडले. घसा बसलाय."

मी तो वाचला. परत वाचला. नवऱ्याने वरणाचा डाव भांड्यात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"काय झालं?"

"एक म्हातारा वारला," मी म्हटलं, आणि मला हसू काही केल्या आवरेना.